पाचशे वाक्यं

“तुमच्या भंगार टॅबनी वाट लावली, साहेब! दोन जीबीत मॉडेल कोंबायला सांगता, एकदा स्वतः कोंबून दाखवा!”

“चाचणीत सत्त्याण्णव टक्के आलेत ना? सोमवारी वाटप.” साहेबांनी फोन ठेवला.

दीपमालाने टॅब टेबलावर आपटला. पारोळ्याकडच्या ज्या गावांत रेंज नाही, तिथल्या आशाताईंसाठी हा टॅब. आजार सांगायचा, त्याने उपाय सांगायचा. महिनाभर डोकं फोडून तिने उत्तरं देणारं एआय मॉडेल छाटून टॅबच्या दोन जीबीत बसवलं होतं. आणि आज आई जळगावला तिच्या ऑफिसात आली, तिने पहिलाच प्रश्न विचारला आणि सगळं मुसळ केरात.

आई, द्रौपदाबाई, बारा वर्षं आशाताई. तिने टॅबला विचारलं होतं, “पोऱ्याले हगवण लागेल शे, डोया खोल गयात. काय करू?”

टॅब म्हणाला, “कृपया प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.”

“स्पष्ट म्हणे! पोऱ्या मरी जाई, तवय याले स्पष्ट होई का?”

ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर न छाटलेलं मॉडेल होतं. तोच प्रश्न. त्याने लगेच सांगितलं, मीठ-साखरेचं पाणी पाजा, ताबडतोब दवाखान्यात न्या.

“बघ, याला कळतं,” दीपमाला चिडून म्हणाली. “टॅबमध्ये जागाच नाही, मी काय करू?”

“मंग काय कापं तू?”

“मॉडेलवर नमुन्याची पाचशे वाक्यं चालवली. जो भाग एकाही वाक्याच्या कामी आला नाही, तो कापला.”

“दखाड ती वाक्यं.”

द्रौपदाबाईने चष्मा लावला. ‘माझ्या बाळाला जुलाब होत आहेत.’ ‘रुग्णास तीव्र ज्वर आहे.’ ती बोटाने यादी सरकवत राहिली. सगळीकडे ‘आहे’; गावाकडचा ‘शे’ पाचशे वाक्यांत एकदाही नव्हता. दीपमालाच्याही तोंडात नव्हता. जळगावच्या शाळेत पाचवीचा वर्ग तिच्या बोलण्याला हसला, त्या दिवसापासून.

“आपला गावमा असं कोन बोलस वं?”

“साहेबांना शुद्ध लागतं.”

“साहेबनी सांगं व्हतं?”

 साहेबांनी यादी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

यादीच्या तळाशी तयार करणाऱ्याचं नाव होतं. आईने ते सावकाश, अक्षर अक्षर वाचलं. मग चष्मा काढला.

“आठे तर तुन्हं नाव शे. आम्हनी बोली कोनी कापी, सांग ना माय?”