थापांची जागा

सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या मेंदूचा फोटो बघून मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी माझं भविष्य सांगितलं. झटका हलकाच होता. हातपाय धड राहिले, फक्त जीभ अडली. पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "डाग लहान आहे, आजी. दोन-तीन महिन्यांत यांचे शब्द परत येतील."

"आन् ह्यांच्या थापा?" आमच्या शालूबाईनं विचारलं.

"ते काही फोटोत दिसत नाही," बाई हसल्या. शालूबाई हसली नाही.

दोन महिने मी 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यावर काढले. जे बोललो ते खरंच बोललो, त्यामुळं ती जास्तच घाबरली.

काल गुऱ्हाळावर चार गडी काहिलीभोवती बसले होते, शालूबाईही तिथंच होती, आणि माझी जीभ सुटली. "गड्यांनो, फोटोचं ते यंत्र माझ्या डोक्यावर असं काय सुरात लागलं, की पार तिकडं सतारमेकर गल्लीत दुकानादुकानातल्या सतारी आपोआप वाजाय लागल्या! कारागीर हातातलं काम टाकून दवाखान्यात पळत आले. म्हणाले, ह्यो भोपळा आमाला सतारीला द्या, लय गोड वाजतोय!"

"खोटं!" शालूबाई एवढ्यानं ओरडली की काहिलीतला रस ढवळणाऱ्या गुळव्याचा हात थांबला. डोळ्याला पदर लावून, हसत हसत ती सगळ्यांना सांगत सुटली, "मी दवाखान्याच्या दाराशीच बसलेली, चिटपाखरू आलं न्हाई! ऐकलंसा न्हवं समद्यांनी? धडधडीत खोटं बोलल्यात ह्ये!"