पितळी चकतीखालचं भोक

रोनाचं बोट भोकात गेलं.

तळघरात, तिजोरीच्या लोखंडी दारावर, गावाचं चिन्ह कोरलेली पितळी चकती होती. ती पुसता पुसता तिचा एक स्क्रू निसटला, चकती खाली लोंबली. मागे दुसऱ्या कुलपाचं भोक.

स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या जुन्या बँका रोनानं धुंडाळल्या होत्या. रीत एकच. तिजोरीला दोन कुलपं. एक किल्ली खजिनदाराकडे, दुसरी नगराध्यक्षाकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडत नसे. फक्त इथल्या, किंकेल्डीच्या बँकेला म्हणे एकच कुलूप होतं, आणि खजिनदार निनियन रॅट्रे सोनं घेऊन पळाला होता. बँक बुडाली, गाव नागवलं. दोनशे वर्षं झाली, तरी दरवर्षी त्या दिवशी बंदरावर रॅट्रेचा पेंढ्याचा पुतळा जळतो. आधी इतिहास मंडळाचा अध्यक्ष ओरडतो, "रॅट्रे कुठाय?" गाव उत्तर देतं, "पळाला!" शिव्या घालायला मेलेला माणूस बरा. उलटून बोलत नाही.

आज तोच दिवस. वरती, जुन्या बँकेच्या जागी झालेल्या पबमध्ये, गाव जमलं होतं. बँकेचा इतिहास रोना टुलॉक सांगणार होती. टुलॉक हे नाव तिच्या आजीनं घेतलेलं. त्याआधी ते घराणं रॅट्रे होतं. हे कुणाला कळलं तर, या धास्तीनं रोना जन्मभर खालमानेनं जगली होती.

"चकती लाव जागेवर, पोरी."

जिन्याच्या तोंडाशी आर्ची मंकर उभा होता. इतिहास मंडळाचा अध्यक्ष, त्या वेळच्या नगराध्यक्षाचा वंशज. त्याच्या धिप्पाड अंगानं जिना बुजला होता. दुसरी वाट नव्हती.

"मंकरसाहेब," रोना म्हणाली, "दुसरी किल्ली तुमच्या घरात होती. रॅट्रे एकटा हे दार उघडूच शकत नव्हता."

"होती. आणि तू रॅट्रेंची. मला काय ठाऊक नाही? म्हणून तर तिजोरीचं आणि इतिहासाचं काम तुला दिलं. दुसऱ्या कुणाला हे भोक सापडतं तर तो गावभर बोंबलला असता. तू गप्प बसशील. तुमच्या घराण्याला लपायची सवय आहे."

तो हसला आणि पाठ फिरवून वर चढू लागला. रोनानं दाराकडे हात नेला. मग त्याच्या मागोमाग वर पबमध्ये आली.

"लवकर आटप गं रोना," मासळीवाली बेथिया ओरडली, "पुतळ्याला थंडी वाजतेय!"

सगळे खिदळले. आर्चीनं पेला उंचावला.

"रॅट्रे कुठाय?"

रोना टेबलाशी गेली. गावानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "इथं." आणि मुठीतली पितळी चकती तिनं टेबलावर ठेवली.