बिटाचा कडू रस

“रस कडू लागायचा का याला?” थोरल्यानं विचारलं.

धाकटीला प्रश्नच कळला नाही. ती नवऱ्याच्या उशाशी स्टुलावर बसून होती. नवरा, म्हणजे थोरल्याचा पाठचा भाऊ, इस्पितळाच्या खाटेवर आडवा. परवा दोघा भावांच्या सुतारखान्यात रंधा मारता मारता तो कोसळला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा बसली.

“अगं, तू रोज द्यायचीस तो. बीट, लसूण, लिंबू. कडू लागायचा की नाही?”

“नाही हो, दादा. गोडसरच. बिटाचा रस कडू कसा लागेल?”

“तिथंच चुकलं!” थोरल्यानं मांडीवर थाप मारली. “आमचा कडू असतो. जीभ आक्रसते नुसती. म्हणून तर लागू पडतो. वर्ष होत आलं, गोळीला शिवलो नाही मी. पण प्रेशर बघ, कॉलेजातल्या पोराला लाजवेल. उगाच नाही, हिच्या हाताला गुण आहे.”

ही म्हणजे थोरली, त्याची बायको. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नवऱ्याच्या दुपारच्या रसाची बाटली तिच्या पिशवीत होती.

रस कडू का लागतो, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. ‘गोळी एकदा लागली की मेल्यावरच सुटते,’ असं म्हणून नवऱ्यानं गोळ्या खिडकीबाहेर भिरकावल्या आणि कुणा गिऱ्हाइकानं सांगितलेला बिटाचा रस धरला. ती रडली, भांडली, पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होतं थोडंच? मग ती गुपचूप त्याच गोळ्या आणू लागली. रोज दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडायची, रसात ढवळायची आणि हसून पेला पुढे करायचा. नवरा वाचला. एवढंच हवं होतं तिला.

पण वाचला तो वाचला, वर वाचाळ झाला. दार बनवायला आलेला माणूस असो की खुर्चीचा पाय मोडलेला, जो भेटेल त्याच्यापुढे हा बिटाचं पुराण लावायचा. तिला हसू यायचं. लोक या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडतात, असं तिला वाटायचं. घरचाच माणूस ऐकेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

दोघा भावांना एकाच डॉक्टरनं एकच गोळी दिली होती. धाकट्याचे हात सदा भुशानं माखलेले, पाणी घ्यायला कोण उठतो? तो गोळी कोरडीच चावायचा आणि तोंड वेडंवाकडं करायचा. त्याची ती सोंगं बघून सगळे हसायचे. थोरल्या भावाच्या शब्दाखातर त्यानं हिवाळ्यात ती गोळी सोडली आणि रस धरला. घरं वेगळी, त्यामुळे थोरलीला याचा पत्ता नव्हता. परवा डॉक्टरांनी “गोळ्या चालू होत्या ना?” असं विचारलं, आणि धाकटीनं नकारार्थी मान हलवली, तेव्हा थोरलीला कळलं.

“ताई,” धाकटी डोळे पुसत म्हणाली, “माझ्याच हाताला गुण नाही. तुम्हाला विचारून नीट केला असता, तर हे असे पडले नसते.”

आता थोरलीनं बोलायला हवं होतं. बोलली, तर नवरा उद्यापासून पेल्याला तोंड लावणार नाही आणि शेजारची खाट त्याची. नाही बोलली, तर ही बाई जन्मभर स्वतःला बोल लावत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. आपण एकाला वाचवलं आणि एकाला मारलं, एवढंच तिला दिसत होतं. मरण आलं तर बरं, असं तिला मनापासून वाटलं.

“रडू नकोस,” थोरला धाकटीला म्हणाला. “इथून सोडू दे एकदा. मग हे गोळ्यांचं लचांड बंद. रोज हिच्या हातचा रस मी स्वतः आणून देईन. आण गं ती बाटली.”

“तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय नर्सनं.” आल्यापासून थोरली पहिल्यांदाच बोलली.

“पाजतंय कोण? ओठाला लावतो नुसता.”

त्यानं तिच्या पिशवीतून बाटली काढली. टेबलावरचा कापूस रसात बुडवला आणि मोठ्या मायेनं भावाच्या ओठांवरून, मग जिभेच्या टोकावरून फिरवला. हनुवटीवर एक लाल ओघळ आला, तो त्यानं आपल्या बाहीनं टिपला.

परवापासून छताकडे बघत पडलेल्या धाकट्याची जीभ हलली. एकदा, मग पुन्हा एकदा. चेहऱ्याची जी बाजू शाबूत होती, ती हळूहळू वेडीवाकडी झाली, सुतारखान्यात व्हायची अगदी तशी. मग त्याचे डोळे छतावरून खाली आले. भावाला ओलांडून, बायकोला ओलांडून ते पायथ्याशी उभ्या असलेल्या थोरलीवर येऊन थांबले. घशात काहीतरी घरघरलं. शब्द झाला नाही.

“भाऊजी...” थोरली म्हणाली.

“ताई, बघा, बघा!” धाकटी स्टुलावरून उठलीच. “दोन दिवस माझ्याकडेसुद्धा बघितलं नाही हो यांनी! तुमच्या हातचा रस लागला आणि बघा, तुमच्यावरून नजर काढत नाहीयेत.”

थोरल्याचे डोळे भरून आले. त्यानं भावाच्या केसांतून हात फिरवला.

“कडू आहे ना?” तो म्हणाला. “असाच हवा.”