मागच्या काचेवरचा हात

मुलगी बारशाआधीच गेली. वर्ष उलटल्यावर सुदर्शन बायकोला, अपेक्षाला, घेऊन गाडीनं फिरायला निघाला. संभाजीनगरहून कन्नडकडं, वाटेतली गावं बघत.

दौलताबादला पेरू घेताना अपेक्षाला मागच्या काचेवर, धुळीत उमटलेला इवलासा तळहात दिसला. तिनं पदरानं पुसून पाहिलं. पुसला गेला नाही, कारण तो आतून उमटला होता. मागची सीट तर रिकामीच होती.

वेरूळला चहा पिऊन दोघं परत आले, तेव्हा हात शाळकरी पोरीच्या हाताएवढा झाला होता. आता सुदर्शननंही पाहिला. पुढं तो सगळे खड्डे जपून चुकवत राहिला.

कन्नडच्या बाजारात तो हात थेट अपेक्षाच्या हाताएवढा होता.

"पुढं घाट, मग चाळीसगाव," सुदर्शन हळूच म्हणाला. "जायचं?"

"नाय. इथंच राहू आज. पुढच्या गावी ती माझ्यापेक्षा म्हातारी व्हईल."

अपेक्षानं बाहेरून त्या हातावर आपला तळवा टेकवला. काच उन्हानं तापली होती, तरी तिनं हात काढला नाही.

तेवढ्यात काचेतून बोटं आली आणि हळूच तिच्या बोटांत गुंतली.