भावनेच्या पाच चांदण्या

बालवर्गातल्या बुटक्या खुर्चीवर ठमीचे वडील बसले तेव्हा त्यांचे गुडघे पार छातीला टेकले. एरवी बाईंना हसू आवरलं नसतं. आज त्यांची नजर टेबलावरच्या प्रगतिपत्रकावरून हलत नव्हती.

शरीर, भाषा, बुद्धी, भावना, इतरांत मिसळणं. मूल सगळ्या अंगांनी वाढायला हवं म्हणून हे पाच रकाने, आणि प्रत्येक रकान्यात एकापासून पाचपर्यंत चांदण्या. बत्तीस मुलांची पत्रकं बाईंनी परवा एका बैठकीत हातावेगळी केली होती. भावनेच्या रकान्यासाठी त्यांची पद्धत सोपी होती. जे मूल रडत नाही, हट्ट करत नाही, डोक्याला ताप देत नाही, त्याला पाच. साडेचार वर्षांच्या ठमीला पाच मिळाल्या होत्या. अख्ख्या वर्गात एकट्या तिलाच.

काल कपाटाचं दार ठमीच्या बोटावर आपटलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. ती जागेवर जाऊन चित्र रंगवत बसली. अर्ध्या तासाने मावशी कागद गोळा करायला आल्या आणि किंचाळल्या, "अहो बाई, हा लाल रंग नाहीये!" नख मुळातून उचकटलं होतं. पट्टी बांधताना पोरीने हूं की चूं केलं नाही. उलट कागद खराब झाला म्हणून तीच सॉरी म्हणाली. तेव्हापासून बाईंना धड जेवण गेलं नव्हतं.

त्यांनी पेन उचललं आणि वडिलांच्या देखत भावनेच्या रकान्यातल्या चार चांदण्या खोडल्या.

"काय केलं हिने?" वडिलांनी विचारलं.

खुर्चीमागे उभ्या असलेल्या ठमीने पट्टीचा हात पाठीमागे नेला.

"तिने काही नाही केलं. चूक माझीच आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "अहो, एवढं लागलं तरी ती रडत नाही. या वयात पोर रडायला हवं. घरी कुणी रागावतं का हो, ती रडली की?"

"रागवायची वेळच येत नाही. दोन वर्षांची होती तेव्हाच ती सवय मोडली." वडिलांच्या आवाजात अभिमान होता. "एकदाच मोडावी लागते, बाई. नंतर त्रास नाही."

कशी मोडली, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायला हवं, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. पण त्या पेनाचं टोपण लावत राहिल्या.

वडिलांनी पत्रक हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचलं. पाच, पाच, पाच, एक, पाच. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

"म्हणजे रडत नाही म्हणून कापल्या."

"कापल्या असं नाही, मला म्हणायचं होतं की..."

"इकडे ये," ते मागे न बघता म्हणाले. दोन पावलांत ठमी समोर हजर.

"बाईंना रडून दाखव."

ठमीने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. मग ओठ मुडपले, आणि तिच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहायला लागलं. आवाज मात्र कणभरही नाही.

"अहो, असं नको! असं नाही हो!" बाई ताडकन उठल्या.

"पुरे," वडील म्हणाले.

पाणी थांबलं. ठमीने बाहीने दोन्ही गाल पुसले आणि ती बाईंकडे वळली.

"बाई, बरोबर आलं का?"