मॉडिफाइड गट

अपघातात दोन्ही पाय लुळे पडल्यावर मल्हारनं जुन्या मारुतीचा क्लच, ब्रेक आणि रेस हाताशी बसवून घेतली. दौंडजवळच्या माळावर ऑटोक्रॉस होती; प्लॅस्टिकचे कोन मांडून एकेक गाडी घड्याळावर पळवायची शर्यत. तिथं तो गाडी घेऊन हजर झाला.

आयोजक आप्पा पेचात पडले. "पेडलं काढल्यात, म्हंजी कंपनीच्या साध्या गाड्यांत बसत न्हाई. आन् इंजिनाला तर हातबी लावला न्हाई, मग मॉडिफाइडमधी तरी कशी घ्यायची?"

"कुठल्याबी गटात घाला आप्पा. शेवटचा आलो तरी चालंल, पण घाला."

शेवटी आप्पांनी मॉडिफाइड गटाचा नंबर दारावर चिकटवला. मल्हारनं धुरळा उडवत सगळी वळणं काढली, एकही कोन पाडला नाही. माळभर शिट्ट्या झाल्या. आप्पांनी माइकवरून त्याच्या जिद्दीला सलाम ठोकला, खिडकीतूनच शाल घातली, नारळ दिला, फोटो काढून घेतले.

मल्हारला अजून धाप लागलेली. "आप्पा, माझा टाइम किती आला?"



आप्पा हसले. "आरं येड्या, तुझ्यासाठी कुठं घड्याळ लावलं व्हतं?"