उकळलेलं चालतं

"तुमीच त्याला आमची जात सांगितली, साहेब."

कचेरीच्या साहेबांना एवढं सुनावलं, तरी दगडाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या भरलेला तसाच होता. समोरच्या गोऱ्या पाहुण्यानं हात जोडले होते आणि गोड हसून मानेनंच पाणी नको म्हटलं होतं. त्याच्या बायकोनंही तेच केलं. महारवाड्यातल्या बाया दारादारांतून बघत होत्या. पाहुण्यांच्या मागोमाग आलेले गावचे चारजण तोंडाला उपरण्याचा शेव लावून हसत होते.

बहात्तर सालचा दुष्काळ. तिसगावच्या पलीकडचं गाव. टँकर यायचा आणि गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा. गाव वरून पोहरे सोडायचं. महारवाड्यानं खाली घागरी मांडून बसायचं. कुणाला दया आली, तर तो वरून ओतणार. दगडाबाईची सून बाळंतीण होती. अंगावर दूध उतरत नव्हतं. पोटात पाणीच नाही, तर दूध उतरणार कुठून?

म्हणून दगडाबाईनं मनाशी गाठ मारली होती. हा साता समुद्रापलीकडचा माणूस. ह्याला कसली जात न् कसलं काय. तो सगळ्यांदेखत आपल्या हातचं पाणी प्यायला, की उद्या दोर-पोहरा घेऊन सरळ विहिरीवर चढायचं. त्याला चाललं, तुम्हाला का चालत नाही, असं गावाला तोंडावर विचारायचं. सुनेच्या वाटणीचं पाणी तिनं तांब्यात ओतलं होतं.

आणि पाहुणा नको म्हणाला. मघाशी पाटलाच्या ओट्यावर ह्याच दोघांनी चहाच्या कपबशा रिकाम्या केल्या होत्या. तिनं लांबून बघितलं होतं. आता आणखी कसला पुरावा पाहिजे?

साहेब हसले. देश बघत फिरणाऱ्या ह्या जोडप्याला दुष्काळ बघायचा होता आणि साहेबांना इंग्रजी येत होतं, म्हणून कचेरीनं त्यांनाच जीप देऊन पाठवलं होतं. वेडी आहेस, ते तिला म्हणाले. जातीचा इथं काय संबंध? ह्या लोकांना आपलं पाणी सोसत नाही, हगवण लागते. जीपमध्ये बसतानाच त्यांनी दोघांना सगळं पढवून ठेवलं होतं. चपला दाराबाहेर काढा. काही दिलं तर उजव्या हातानं घ्या. पोरांना पैसे वाटू नका, गराडा पडेल. आणि खेड्यात कच्चं पाणी कुणाच्याच घरचं घेऊ नका, पाटलाचंही नाही. चहा चालतो. तो उकळलेला असतो.

दगडाबाई चुलीकडं वळली. मग म्हणाली, "आसं व्हय. मंग थांबा."

शेजारच्या लंकाबाईनं चहाची पूड दिली, गुळाचा खडा दिला, कान तुटलेले कप दिले. जळण कुणाकडंच नव्हतं. दगडाबाईनं मोडक्या बाजेचा पाय उपसला आणि चुलीत सारला. तांब्यातलं सगळं पाणी पातेल्यात ओतलं. सुनेनं ते बघितलं आणि रडणारं लेकरू कोरड्या छातीला लावून भिंतीकडं तोंड केलं.

पाणी खळखळा उकळलं. दगडाबाईनं ते गावाला दिसेल असं उकळू दिलं.

पाहुण्यानं उजव्या हातानं कप घेतला, फुंकर मारली, घोट घेतला. मग दुसरा. त्याच्या बायकोनं कप तळापर्यंत संपवला आणि फार आवडला म्हणून दगडाबाईचा हात हातात धरला. उपरण्याआडचं हसू बंद झालं. लंकाबाईनं डोळ्याला पदर लावला.

तिसरा कप दगडाबाईनं साहेबांपुढं धरला.

साहेबांनी कपाकडं बघितलं. मग गावच्या चौघांकडं बघितलं. ते चौघंही त्यांच्याकडंच बघत होते.

"मला नको," साहेब म्हणाले. "चहानं पित्त खवळतं माझं."

पाटलाच्या ओट्यावर साहेब बशीत ओतून ओतून दोन कप प्यायले होते. तेही तिनं लांबून बघितलं होतं.

पाहुणा मध्येच साहेबांना काहीतरी बोलला. कपातल्या वाफेकडं बोट दाखवत होता, घ्या घ्या अशी मान हलवत होता. उकळलेला आहे, काही होणार नाही, एवढंच तो बिचारा समजावत असणार. साहेब जीपकडं वळले.

दगडाबाई आडवी आली. कप तसाच पुढं धरलेला.

"ह्यास्नी तुमी शिकवलं, साहेब. तुमाला कुनी शिकवलं? सांगा."